जामोवी: होय-नाहीच्या हिशोबासाठी फुकटचं पण कामाचं सॉफ्टवेअर

फुकट ते पौष्टिक हे आमच्या बेळगावात जेवणापुरतंच खरं धरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटलं की लगेच, "मग त्या विकतच्या एसपीएसएससारखं चालतंय काय मॅडम? प्रबंधाचे गाईड चालवून घेतील काय?" चालतंय. आणि गाईडना आकडे कुठून आले हे सॉफ्टवेअरच्या नावासकट, आवृत्तीसकट लिहून दिलं की बहुतेक जण पुढं काही विचारत नाहीत.

जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मी मानसशास्त्राच्या मुलांना शिकवताना वापरते. हे परीक्षण त्यातल्या एकाच मेनूचं आहे, 'फ्रिक्वेन्सीज'. टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते उत्तरं गुणांमध्ये न येता वर्गांमध्ये येतात तेव्हाबद्दल. होय की नाही. मराठी माध्यम, कन्नड माध्यम की इंग्रजी माध्यम. मन बिघडलं तर आईला सांगशील, मैत्रिणीला, समुपदेशकाला की कुणालाच नाही. आमच्याकडच्या प्रबंधांत अशीच माहिती जास्त असते, कारण सीमाभागात कुठलाही अभ्यास घ्या, घरची भाषा आणि शाळेची भाषा हे दोन रकाने आल्याशिवाय राहत नाहीत. खानापूरच्या बाजूच्या पोरीचं घर मराठी, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी, बसमधलं बोलणं निम्मं कन्नड. तिचा 'भाषा' नावाचा रकाना भरायचा म्हणजे आधी तासभर चर्चा.

आधी सॉफ्टवेअरची कुंडली थोडक्यात. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या जेएएसपी या अशाच फुकट सॉफ्टवेअरवर आधी काम केलेल्या काही जणांनी २०१७ च्या सुमारास जामोवी सुरू केलं. आत इंजिन 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेचंच आहे, वरचं रूप मात्र एक्सेलसारखं. डावीकडं डेटा, उजवीकडं निकाल. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर बसतं. संकेतस्थळावर 'सॉलिड' आणि 'करंट' अशा दोन आवृत्त्या दिसतात. मुलांनी सॉलिडच घ्यावी, नवी सुविधा आधी मिळाली नाही म्हणून कुणाचा प्रबंध अडत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे, पण पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वीज आणि नेट दोन्ही एकदम जातात, तेव्हा लॅपटॉपवर उतरवून घेतलेलंच बरं. एकदा बसवलं की रोजच्या विश्लेषणाला नेट लागत नाही. पेनड्राइव्हवर फाईल घेऊन वर्गभर वाटता येते, परवान्याची भानगड नाही.

आता प्रत्यक्ष काम. वर्गात शिकवायला मी एक बनावट उदाहरण घेते, तेच इथं देते. समजा ८० मुलं आहेत, ४० मराठी माध्यमाची, ४० कन्नड माध्यमाची. प्रश्न एकच, "फार ताण आला तर कॉलेजच्या समुपदेशकाकडं जाशील काय?" मराठी माध्यमातली २६ होय म्हणाली, १४ नाही. कन्नड माध्यमातली १७ होय, २३ नाही. हे जामोवीत घालायला ८० ओळी टंकायची गरज नाही. चार ओळी आणि तीन रकाने पुरतात: माध्यम, उत्तर, संख्या. 'कॉन्टिन्जन्सी टेबल्स'मध्ये माध्यम ओळींत टाका, उत्तर रकान्यांत, आणि संख्येचा रकाना 'काउंट्स'च्या चौकटीत. एसपीएसएसमध्ये याच कामाला आधी 'वेट केसेस' लावावं लागतं, आणि ते लावायचं विसरलेलं पोर चार ओळींवरच काय-स्क्वेअर (दोन वर्गवाऱ्यांचा एकमेकींशी संबंध आहे काय हे तपासायची कसोटी) काढून बसतं. ज्यांनी कागदावर पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी रेघा मारून मोजणी केलीय त्यांना ही चौकट फार सोयीची.

टाकल्या टाकल्या उजवीकडं तक्ता उभा राहतो. काय-स्क्वेअर ४.०७, डिग्री ऑफ फ्रीडम १, पी ०.०४४. पी म्हणजे माध्यमाचा संबंध नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता, ती ०.०५ च्या खाली आली की फरक आहे असं धरायची रीत. ओळींच्या टक्केवारीवर टिचकी मारा, ६५ टक्के आणि ४२.५ टक्के. आणि जामोवीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथं दिसते: डेटातला २६ बदलून २४ करा आणि १४ बदलून १६, उजवीकडचे सगळे आकडे तिथल्या तिथं बदलतात. पुन्हा मेनूत जायला नको, 'ओके' दाबायला नको. दोन मुलांनी मत बदललं तर पी कुठं जातो हे मुलं स्वतः खेळून बघतात. ०.०५ ची रेघ किती पातळ आहे हे मी फळ्यावर लिहून त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते असं शिरतं.

आता २६ आणि १४ परत ठेवा आणि त्याच पॅनेलमध्ये 'काय-स्क्वेअर कन्टिन्युइटी करेक्शन'वर टिचकी मारा. काय-स्क्वेअर ३.२२, पी ०.०७३. तोच डेटा, तीच मुलं, आणि 'फरक आहे'चा 'फरक सिद्ध होत नाही' झाला. ही दुरुस्ती फ्रँक येट्सची, १९३४ सालची. काय-स्क्वेअरचा वक्र गुळगुळीत असतो आणि आपली माणसं पूर्णांकात मोजली जातात, त्यामुळं २×२ तक्त्यात आकडा थोडा फुगतो, तो खाली आणायची युक्ती. ती गरजेपेक्षा जास्त कडक आहे असं मानणारे संख्याशास्त्रज्ञ पुष्कळ आहेत, आणि माझंही मत तेच. पण माझं मत बाजूला ठेवा. अडचण अशी की जामोवीत दोन्हींच्या चौकटी एकाखाली एक आहेत, दोन्ही फुकट, आणि दोन्ही निकाल एकाच तक्त्यात शेजारी येतात. मुलगा कुठला उचलणार? जो आवडेल तो. हा दोष जामोवीचा म्हणावा की नाही माहीत नाही, पण सोय जितकी जास्त तितका हा मोह जास्त, हे खरं. मी मुलांकडून डेटा गोळा करायच्या आधी वहीत लिहून घेते: कुठली कसोटी, दुरुस्तीसह की दुरुस्तीशिवाय. तारीख घालून. नंतर बदलायचं असेल तर कारण लिहायचं.

या एका आकड्यावरून जुनं भांडणही सांगून टाकते, कारण मुलांना ते आवडतं. काय-स्क्वेअर कार्ल पिअर्सननं १९०० साली मांडला, पण २×२ तक्त्याला डिग्री ऑफ फ्रीडम ३ धरायची असं त्याचं म्हणणं. रोनाल्ड फिशरनं १९२२ मध्ये दाखवलं की बेरजा डेटातूनच घेतल्यावर मोकळं घर एकच उरतं, म्हणून १. पिअर्सनला हे अजिबात पटलं नाही. आपल्या उदाहरणात त्याचं ऐकलं असतं तर ०.०५ ची रेघ गाठायला ४.०७ ला ७.८१ ओलांडावं लागलं असतं. फिशरच्या हिशोबानं ३.८४ पुरतं. चार घरांच्या तक्त्यात तीन घरं झाका, एक उघडं ठेवा, कडेच्या बेरजांवरून बाकीची भरून दाखवा, मग डिग्री ऑफ फ्रीडमचं सूत्र पाठ करायला लागत नाही.

पी-व्हॅल्यूच्या पलीकडं काय मिळतं? इथं जामोवीला पैकीच्या पैकी. 'फाय आणि क्रेमर्स व्ही'वर टिचकी मारली की ०.२३ येतं, म्हणजे संबंध आहे पण हलका. 'ऑड्स रेशो' (एका गटातलं होय-नाहीचं प्रमाण दुसऱ्याच्या किती पट) मागा, २.५१ येतो आणि सोबत ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा, १.०२ ते ६.२०. या दोन टोकांकडं बघा की जरा. खालचं टोक १ ला जवळजवळ चिकटलेलं, वरचं सहाच्या पुढं. ८० मुलांत एवढंच कळतं. आमच्या मुलांना 'सिग्निफिकंट' शब्द लिहिला की प्रकरण संपलं असं वाटतं, त्यांना मी हे विश्वासांतर मोठ्यानं वाचायला लावते.

एसपीएसएसची एक गोष्ट मात्र मला इथं हवी होती. तिथं तक्त्याखाली बारीक अक्षरात आपोआप टीप येते, किती घरांत अपेक्षित संख्या (दोन गोष्टींचा संबंध नसता तर तिथं आली असती ती) ५ पेक्षा कमी आहे आणि सगळ्यात लहान किती. कॉक्रननं १९५४ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही चालतो: अशी घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत आणि कुठलंही घर १ च्या खाली नसावं. जामोवीत ते बघायला 'सेल्स'मध्ये जाऊन 'एक्स्पेक्टेड काउंट्स' आपण स्वतः मागायचे. वरच्या उदाहरणात ते २१.५ आणि १८.५ आहेत, काळजी नाही. पण माध्यमं तीन, 'कुणाला सांगशील' याची उत्तरं पाच, आणि मुलं पन्नास, असा तक्ता केला की निम्मी घरं ओस पडतात आणि स्क्रीन काही बोलत नाही. उपाय तिथंच आहे, 'फिशर्स एक्झॅक्ट' ही थोड्या संख्यांनाही चालणारी कसोटी. एसपीएसएसच्या मूळ पॅकेजात २×२ पेक्षा मोठ्या तक्त्याला तो मिळत नाही, वेगळा भाग घ्यावा लागतो. जामोवीत मोठ्या तक्त्यालाही मिळतो. फक्त मागायचं सुचलं पाहिजे.

आता खास आमच्या भागातली गंमत. एका विद्यार्थिनीनं फॉर्म तीन भाषांत काढला, चांगलं केलं. डेटा एकत्र केला, जामोवीत उघडला आणि धावत आली, "मॅडम, पी व्हॅल्यू झीरो झीरो वनच्या पण खाली आलीय!"

"अगं, आधी टेबल दाखव."

टेबलात उत्तराचे रकाने सात. होय, नाही, हौदु, इल्ला, यस, नो, आणि कुणीतरी हातानं लिहिलेलं व्हय. कन्नड माध्यमातली सगळी मुलं हौदु-इल्लात, मराठीतली होय-नाहीत. म्हणजे कन्नड फॉर्म भरणाऱ्यांनी कन्नडमध्ये उत्तरं दिली, एवढं तिनं ०.००१ पातळीवर सिद्ध केलं होतं. जामोवीचा यात दोष शून्य, त्याला सात शब्द दिसले, त्यानं सात वर्ग केले. उलट त्याची एक सोय इथं उपयोगी पडली. 'ट्रान्सफॉर्म'मध्ये नियम लिहायचा, हौदु, यस आणि व्हय असेल तर होय, इल्ला आणि नो असेल तर नाही. मूळ रकाना जागच्या जागी राहतो, शेजारी नवा तयार होतो. खोडाखोड नाही, आणि गाईडनं विचारलं तर काय कशात घातलं ते दाखवता येतं. देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये असतील तर नीट दिसतात. कन्नडच्या जुन्या नुडी फॉन्टात किंवा मराठीच्या जुन्या फॉन्टांत टंकलेलं असेल तर मात्र स्क्रीनवर कचरा येतो, ते आधी बदलून घ्या.

माझी खरी तक्रार पुढच्या गोष्टीशी आहे. 'कॉन्टिन्जन्सी टेबल्स'च्या खाली दोन ओळी शेजारी शेजारी: 'इंडिपेन्डन्ट सॅम्पल्स' आणि 'पेअर्ड सॅम्पल्स'. पहिली काय-स्क्वेअर, दुसरी मॅकनेमार. आमची मुलं पहिली दाबतात, कारण ती वर आहे आणि तिचं नाव ओळखीचं आहे. पुन्हा बनावट आकडे घेऊ. ताणावरच्या कार्यशाळेच्या आधी आणि नंतर त्याच ६० मुलांना विचारलं, "अडचण शिक्षकांना सांगशील काय?" २० जण दोन्ही वेळा होय, २२ दोन्ही वेळा नाही, १४ जण नाहीवरून होयवर आले, ४ जण होयवरून नाहीवर गेले. होय म्हणणारे २४ होते, ३४ झाले.

हा आधी-नंतरचा तक्ता पहिल्या ओळीत टाकला तर काय-स्क्वेअर ११.५८ येतो. मोठा आकडा, पोर खूष, "कार्यशाळेचा परिणाम झाला." पण त्या आकड्याचा कार्यशाळेशी संबंधच नाही. आधी होय म्हणणारा नंतरही होय म्हणण्याची शक्यता जास्त, एवढंच तो सांगतो, म्हणजे माणसं आपल्या मताला धरून राहतात. दुसरे काही जण वेगळंच करतात: आधीची ६० आणि नंतरची ६० अशी १२० माणसं करून टाकतात. तेव्हा काय-स्क्वेअर ३.३४ येतो, पी ०.०५ च्या वर, आणि "परिणाम नाही" असं लिहून मोकळे. ६० मुलांची १२० झाली, याचं कुणाला काही वाटत नाही. मॅकनेमार फक्त बदललेल्या १८ जणांकडं बघतो. १४ एका दिशेला, ४ दुसऱ्या. फरकाचा वर्ग १००, भागिले १८, म्हणजे ५.५६, पी ०.०१८. मत न बदललेली ४२ मुलं या हिशोबात येतच नाहीत. क्विन मॅकनेमार स्टॅनफर्डचा मानसशास्त्रज्ञच होता, १९४७ मध्ये त्यानं ही कसोटी मांडली, आणि अजून आमच्याकडं मानसशास्त्राच्याच मुलांना ती 'सिलॅबसच्या बाहेरची' वाटते.

तीन रस्ते, तीन उत्तरं, आणि जामोवी तिन्ही वेळा तितक्याच देखण्या तक्त्यात उत्तर देतं. तीच मुलं पुन्हा विचारलीत की वेगळी, हे त्याला कळायला मार्ग नाही. तसंच 'लागू असेल त्या सगळ्यांवर खूण करा' या प्रश्नाचं. एका पोरानं तीन खुणा केल्या, तो तीन घरांत मोजला गेला, आणि काय-स्क्वेअरला वाटतं तीन पोरं आहेत. कुठलंही सॉफ्टवेअर हे ओळखणार नाही, मान्य. पण 'इंडिपेन्डन्ट'च्या पॅनेलवर "प्रत्येक व्यक्ती एकदाच मोजली आहे ना?" एवढी एक ओळ टाकायला काय हरकत होती? नवशिक्यांसाठी म्हणून बनवलेल्या वस्तूकडून मी एवढी अपेक्षा करणारच.

'लेयर्स'ची चौकट फार कुणी उघडत नाही, तिच्याकडं लक्ष द्या. तिथं तिसरा घटक टाकला की त्याच्या प्रत्येक वर्गाचा वेगळा तक्ता मिळतो. १९७३ सालचं अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्रवेशांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एकूण बघितलं तर पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के घेतले गेले, अन्याय वाटावा असा फरक. विभागवार फोडल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला, कारण जिथं मुळात थोड्यांनाच प्रवेश मिळतो अशा विभागांत बायकांचे अर्ज जास्त होते. आमच्याकडं 'मराठी माध्यम विरुद्ध कन्नड माध्यम' असा तक्ता कुणी आणला की मी लेयरमध्ये शहर आणि खेडं टाकायला सांगते. भाषेचा वाटणारा फरक कित्येकदा गावाकडून शहरात येणाऱ्या शेवटच्या बसचा असतो. बस साडेपाचला सुटणार असेल तर समुपदेशकाकडं थांबणार कोण? सीमाभागात भाषेवर काही लिहायचं तर हा तक्ता आधी काढावा आणि मगच तोंड उघडावं.

मोठ्या तक्त्यात नेमक्या कुठल्या घरामुळं फरक आला हे बघायला अलीकडच्या आवृत्त्यांत 'रेसिड्युअल्स' (घरातली खरी संख्या अपेक्षित संख्येपासून किती लांब ते) मिळतात, ±१.९६ च्या बाहेरचं घर शोधायचं. 'एन आउटकम्स'मध्ये एकाच प्रश्नाचं वाटप ठरावीक प्रमाणाशी ताडून बघता येतं आणि प्रमाण आपण द्यायचं. दोन्ही ठीक चालतात, जास्त सांगण्यासारखं नाही. बार-चार्ट साधा आहे, छपाईला चालतो. तक्ते उजव्या टिचकीनं उचलून वर्डमध्ये नेता येतात, पुन्हा आखायला लागत नाहीत. आणि जामोवीच्या ओएमव्ही फाईलमध्ये डेटा, निवडलेल्या चौकटी, निकाल सगळं एकत्र राहतं. मुलानं फाईल पाठवली की त्यानं काय दाबलं ते मला दिसतं. तोंडी परीक्षेच्या आधी याचा मला जितका उपयोग होतो तितका त्यांना होत नाही, ते सोडा.

शहरात पैसे घेऊन 'डेटा ॲनालिसिस करून मिळेल' असं सांगणाऱ्या जागा आहेत. त्यांतल्या एकीकडून आलेलं आउटपुट माझ्याकडं एका मुलानं आणलं होतं. आधी-नंतरच्या प्रश्नांना, अनेक खुणांच्या प्रश्नांना, सगळ्यांना एकजात काय-स्क्वेअर, आणि कित्येक तक्त्यांखाली ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्यांची टीप जशीच्या तशी छापलेली. कुणी ती वाचली नव्हती. काही हजार मोजलेले. त्या पैशात त्याचं खानापूर-बेळगाव जाण्यायेण्याचं भाडं कितीतरी महिने निघालं असतं, आणि जामोवीत हे सगळं दोन दुपारींचं काम आहे.

उणीव एक ठळक सांगायची तर कोहेनचा कप्पा (kappa) हे माप. दोघींनी मुलांची चित्रं बघून 'भीती', 'राग', 'एकटेपणा' असे वर्ग लावले, त्यांचं एकमेकींशी किती जमलं हे मोजायला १९६० पासून मानसशास्त्रात हेच माप वापरतात, आणि जामोवीच्या मूळ मेनूत ते नाही. वरून मॉड्यूल घालावं लागतं. जेएएसपीत आहे, तेही फुकट. माझ्या लॅपटॉपवर म्हणून दोन्ही आहेत. पाचपैकी चार. एक कापला तो कप्प्याचा अर्धा आणि अपेक्षित संख्यांची टीप आपणहून न दाखवण्याचा अर्धा. पेनड्राइव्ह घेऊन या, इन्स्टॉलर देते, पण येताना प्रश्नावलीही आणा.